पहिल्या गाठीचा मान

"तू नको."

एवढेच दोन शब्द, आणि फिलोमेनाच्या बोटांतली कणकेची वळी दोन्ना पेप्पिनाने काढून घेतली... अगदी हळुवार, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी! वळी दोन बोटांभोवती फिरवून झाली होती, टोकावरून टोक गेलं होतं, आता फक्त अंगठ्याने दाबलं की ताराल्लीची, भट्टीत भाजायच्या त्या कणकेच्या कडीची, गाठ बसणार होती. टेबलाभोवती बसलेल्या गल्लीतल्या सहा बाया क्षणभर थांबल्या, आणि मग प्रत्येकीला आपापल्या पुढ्यातल्या कणकेत काहीतरी फार महत्त्वाचं दिसू लागलं.

"लग्नाच्या ताराल्ल्यांची पहिली गाठ नांदत्या बाईच्या हातची लागते," पेप्पिना म्हणाली. "मनात काही आणू नकोस हं, फिलोमेना. पण जिची स्वतःची गाठ बांधता बांधता सुटली, तिनं पोरीच्या लग्नाची गाठ बांधू नये. आमच्याकडं समुद्राकाठी हे फार पाळतात."

मनात काही आणू नकोस! घर फिलोमेनाच्या बापाचं, पाट तिच्या आजीचा, बारा किलो पीठ तिने स्वतः चाळून घेतलेलं, वाइन कोमट केली ती तिने, बडीशेप निवडली ती तिने, पहाटेपासून मनगटं भरून येईतो कणीक मळली तीही तिनेच. आणि काल दुपारच्या बसने दोन पिशव्या घेऊन आलेली ही बाई, तिच्या भावजयीची आई, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला टेबलाच्या डोक्याशी बसली होती आणि तिला रिवाज शिकवत होती. गेली पस्तीस वर्षं या घरातल्या प्रत्येक बारशाच्या, प्रत्येक मयताच्या, प्रत्येक सणाच्या ताराल्ल्या फिलोमेनाच्या अंगठ्याखालून गेल्या होत्या, आणि जी मळते तीच पहिली गाठ बांधते हा या गल्लीचा रिवाज तिथे बसलेल्या सहाही जणींना तोंडपाठ होता. एकीच्याही तोंडातून शब्द निघाला नाही.

त्यांचं जाऊ द्या, त्या परक्या. फिलोमेनाने पाहिलं ते ग्रात्सियाकडे... भावजयीकडे. ग्रात्सिया चुलीपाशी पाठ करून उभी होती आणि मोठ्या पातेल्यात डोकावत होती. पातेल्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पाणी अजून उकळलंसुद्धा नव्हतं.

"उद्याच्या भट्टीची लाकडं रचते," असं म्हणून फिलोमेनाने हात पुसले आणि ती अंगणात गेली.

अंगणात विटांच्या भट्टीशेजारी बदामाची लाकडं पडली होती. ती उचलताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि भट्टी पेटलेली नसल्यामुळे धुराला दोष द्यायचीही सोय नव्हती. पन्नाशीची बाई आपण, केस पिकले, आणि कणकेच्या एका वळीसाठी रडतो! पण ती वळीसाठी रडत नव्हती. तिचं अंतःकरण संतापाने जळत होतं, कारण तिची गाठ सुटली कशी हे सांगण्याचा अधिकार या भूतलावर ज्या बाईला सगळ्यात कमी होता, नेमकी त्याच बाईने आज ते भर टेबलावर काढलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी, द्राक्षांची तोडणी संपली की फिलोमेनाचं लग्न व्हायचं होतं. रोक्को नावाचा गवंडी होता, दगड असा घडवायचा की दोन दगडांच्या मधे सुरीचं पातं शिरू नये, आणि बोलायला इतका लाजाळू की तिच्या बापाकडे मागणी घालताना त्याने सगळं भाषण भिंतीकडे बघून केलं होतं. फिलोमेनाचं रुखवत तयार होतं. बाराव्या वर्षापासून तिने स्वतः भरलेल्या बारा चादरी, प्रत्येकीच्या कोपऱ्यात तिच्या नावाचं आद्याक्षर, पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने. आणि लग्नाला तीन आठवडे उरले असताना तिचा धाकटा भाऊ कोसिमो, एकोणीस वर्षांचं कार्टं, समुद्राकाठच्या गावातल्या ग्रात्सियाला घेऊन पळाला. आमच्याकडे दोन रात्री पोरगी बाहेर राहिली की मग लग्नावाचून गत्यंतर नसतं. तिसऱ्या दिवशी दोघं दारात येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांना बघून फिलोमेनाची आई उंबऱ्यातच कोसळली, आणि तिचं उजवं अंग गेलं ते नऊ वर्षांनी ती गेली तोवर परत आलं नाही.

ग्रात्सियाला तिच्या आईने घरात घेतलं नाही. हीच दोन्ना पेप्पिना! पोरीने दार वाजवलं, खालून हाका मारल्या, वरची खिडकी उघडली आणि बंद झाली. रुखवत नाही, रुमालसुद्धा नाही. पोरगी अंगावरच्या झग्यानिशी या घरात आली. पळून गेलेल्यांची लग्नं लागतात तसं पहाटे पाच वाजता चर्चच्या बाजूच्या वेदीपाशी त्यांचं लग्न लागलं, पांढरा झगा नाही, घंटा नाही, पंगत नाही. अंथरुणावरून आईने डाव्या हाताने पेटीकडे बोट दाखवलं... दे, तिला दे. आणि फिलोमेनाने दिल्या, बाराही चादरी. तीन दुपारी खिडकीशी बसून तिने स्वतःच्या नावाचं अक्षर सुईच्या टोकाने उसवलं आणि त्या जागी भावजयीचं भरलं. आईची शुश्रूषा, मग नऊ महिन्यांनी जन्मलेली मारिसा, मळ्यात मजुरीला जाणारी ग्रात्सिया, आणि कोसिमो जर्मनीच्या कारखान्यात, वर्षातून एकदा नाताळाला घरी! रोक्कोला तिने थांबायला सांगितलं. तो दोन वर्षं थांबला, आणि एके दिवशी न सांगता, न भेटता, ऑस्ट्रेलियाला निघून गेला. गल्लीने सांगितलं म्हणून तिला कळलं. त्या दिवसापासून त्याचं नाव तिने जिभेवर आणलं नव्हतं, मनातल्या मनात त्याला दिलेल्या शिव्या सोडल्या तर.

ही अशी तिची गाठ सुटली होती.

लाकडं रचून ती परत आत आली तेव्हा दोन्ना पेप्पिनाने पाटावर मूठभर पिठी भुरभुरवली होती आणि वळ्या त्यावर गरागरा फिरत होत्या. फिलोमेनाला राहवलं नाही. राग आपल्या जागी, पण लग्न मारिसाचं होतं, जिला तिने या दोन हातांनी न्हाऊ-माखू घातलं होतं.

"पाटावर पिठी नका लावू," ती म्हणाली. "गाठ धरणार नाही."

"अगं, पन्नास वर्षं करतेय मी ताराल्ल्या," पेप्पिना हसून म्हणाली. "आता तू मला शिकवणार?"

समुद्राकाठी ताराल्ल्या थेट भट्टीत घालतात, उकळत नाहीत, तिथे पिठी लावा नाहीतर वाळू लावा, कुणाचं काही बिघडत नाही. इथे आधी उकळत्या पाण्यातून निघावं लागतं. टेबलावरच्या सहाही जणींना ते ठाऊक होतं. त्यांतल्या एकीने तोंड उघडलं आणि नवरीच्या आजीला कोण बोलणार, म्हणून मूग गिळून पुन्हा मिटलं. फिलोमेनाने एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला तिचा स्वाभिमान धजावला नाही, आणि खरं सांगायचं तर थोडीशी वाईट इच्छाही मनात आली. आली तर आली, ती काही संत नव्हती.

चार वाजता मुलाची आई, सावेरिया, आली. लग्नाच्या ताराल्ल्या उकळताना मुलाकडच्या बाईने येऊन बसायचं असतं आणि उद्या पहिली टोपली तिच्या घरी जायची असते. उंच, हाडापेराने मोठी बाई, शब्दाला महाग, त्यामुळे सगळ्यांना तिची धास्ती. पेप्पिनाने तिला मानाने आतल्या खोलीत नेलं. तिथे मोठ्या पलंगावर, उकळलेल्या ताराल्ल्या रात्रभर निथळत ठेवण्यासाठी, पांढरी चादर अंथरली होती. पाण्याचं घमेलं घेऊन फिलोमेना बोळातून चालली होती, आणि तिच्या कानावर पडलं...

"बघा विहीणबाई, हात लावून बघा. ग्रात्सियाच्या लग्नात मी दिलेल्या चादरी. हे अक्षर भरायला डोळे फोडलेत मी. अशा बारा दिल्या होत्या. आमच्या घरातून पोरगी रिकाम्या हातानं नाही जात!"

फिलोमेनाच्या हातातलं घमेलं हिंदकळलं आणि पाणी तिच्या पायांवर सांडलं. वळी हिसकावली, तो अपमान होता, गिळता आला असता. पण ती तीन दुपारची खिडकी, सुईच्या टोकावर येणारं स्वतःचंच अक्षर, एकेक टाका... तेही हिने पळवावं? आणि तेही कुणासमोर? एक वाक्य पुरे होतं! "पेप्पिना, दार उघडलं होतंस का गं तेव्हा?" एवढंच विचारायचं होतं. पण खोलीत मारिसाची सासू उभी होती. तीन दिवसांनी त्या घरात पोरीला नांदायचं होतं, आणि तुझ्या आईला तिच्या माहेरनं दारात उभं केलं नव्हतं हा टोमणा सासरी जन्मभर पुरतो. फिलोमेनाने दातांवर दात दाबले, पायांवरचं पाणी पुसलं आणि घमेलं जागेवर नेऊन ठेवलं. या घरात गप्प बसण्याचं काम नेहमी तिच्याकडेच का यावं, असा प्रश्न मात्र त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या मनात शब्दांत उमटला.

पाणी उकळलं. ग्रात्सियाने पहिला घाणा पातेल्यात सोडला आणि झारा हातात घेऊन ती उभी राहिली. ताराल्ली आधी तळाला जाते, मग वर येते, वर आली की काढायची. बायका मान उंच करून बघत होत्या. सावेरियासुद्धा येऊन उभी राहिली.

ताराल्ल्या वर आल्या. एक, दोन, दहा, तीस... आणि एकाही ताराल्लीला गाठ नव्हती! पिठीमुळे टोकाला टोक चिकटलंच नव्हतं. पाण्यात त्या सगळ्या उलगडल्या होत्या आणि सरळ, पांढऱ्या, गांडुळांसारख्या तरंगत होत्या. दुसरा घाणा सोडला, तोही तसाच. लग्नाच्या ताराल्ल्यांच्या गाठी पाण्यात सुटाव्या, याहून वाईट अपशकुन आमच्या पठारावर दुसरा नाही. सावेरियाने कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूस काढला.

आणि दोन्ना पेप्पिना! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "मी म्हटलंच होतं. पहिली गाठ नसेल बांधली, पण कणीक कुणी मळली? सकाळपासून कुणाचा हात आहे त्या कणकेत? सुटक्या हाताची कणीक, ती गाठ धरेल कशी?"

तेवढ्यात कोसिमो आला, काखेत वाइनची मोठी बाटली घेऊन. तो आता पंचेचाळिशीचा, चौकात खिळे-कुलपांचं दुकान असलेला, पोट सुटलेला माणूस होता, आणि बायकांच्या भांडणात शिरल्याबरोबर सगळं गोड करून टाकायचं ही त्याची जन्माची खोड होती. पातेल्यात काय झालं ते त्याने बघितलं, बहिणीचा चेहरा बघितला, सासूचा बघितला, आणि तो हसला.

"अरे, एवढंच ना? ताई, तू दुसरी कणीक मळ, आई जरा बसतील, मी ही उघडतो, आणि आपण सगळं ताराल्ल्या-वाइनवर मिटवून टाकू."

आमच्याकडे कुठलंही भांडण याच वाक्यावर संपतं. ज्याने केलं तो हसतो, ज्याच्यावर झालं तो गिळतो, मधे एक ताट आणि एक बाटली ठेवली की झालं.

"कोसिमो," फिलोमेना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच सगळ्यांनी माना वर केल्या. "सव्वीस वर्षं या घरात सगळं ताराल्ल्या-वाइनवर मिटतंय. वाइन तू आणतोस. ताराल्ल्या कोण करतं रे?"

कोसिमोचं हसू तोंडावरच राहिलं.

"तू पळालास, मिटलं. आई पडली, मिटलं. तू जर्मनीला गेलास, मिटलं. दरवेळी बाटली तुझी आणि कणीक माझी. आज तुझ्या सासूबाई म्हणतात, माझा हात सुटका आहे. तू इथं उभा आहेस, तुझी बायको इथं उभी आहे. दोघांपैकी एकाला तरी जीभ आहे का?"

फिलोमेनाने पाठीमागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडली, एप्रन घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. चादरींबद्दल तिने तरीही अवाक्षर काढलं नाही! एवढ्या संतापातसुद्धा ती एक गोष्ट तिने पोरीसाठी राखून ठेवली होती. ती दाराकडे वळली, आणि दारात मारिसा उभी होती. शिंपिणीकडून आलेली, हातावर लग्नाचा झगा कागदात गुंडाळलेला, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"आत्या, कुठं चाललीस?"

"जरा चर्चपर्यंत जाऊन येते."

"ताई, थांबा." हा आवाज चुलीकडून आला.

ग्रात्सियाने झारा खाली ठेवला. ती आतल्या खोलीत गेली आणि पलंगावरची चादर ओढून घेऊन आली, ती जमिनीवर फरफटत होती याचंही तिला भान नव्हतं. सावेरियाच्या पुढ्यात तिने चादरीचा कोपरा उलटा करून धरला.

"इथं बोट फिरवा," ती म्हणाली. "माझ्या अक्षराच्या बाजूला. लागतात का भोकं? दुसऱ्या अक्षराची आहेत. ताईंच्या. त्यांचं रुखवत आहे हे. त्यांनी आपलं नाव उसवलं आणि माझं भरलं, कारण मी या घरात आले तेव्हा माझ्याकडं बदलायला झगासुद्धा नव्हता." मग ती आईकडे वळली. "तू मला एकही चादर दिली नाहीस, आई. मी खाली उभी होते, तू खिडकी लावून घेतलीस. तुझ्यावर माझा राग नाही, चूक माझी होती. पण ताईंना सुटक्या हाताची म्हणू नकोस."

"लोकांपुढं..." पेप्पिना पुटपुटली.

"लोकांपुढंच सांगायचंय. आणखी एक आहे, तेही." ग्रात्सियाने चादर छातीशी धरली होती. "ताई, रोक्को न सांगता नव्हता गेला. तो आला होता. मारिसाला सव्वा वर्ष झालं होतं, तिला ताप होता, तुम्ही औषधाला गेला होतात. दारातच उभा राहून म्हणाला, सोमवारी नेपल्सहून बोट आहे, रविवारच्या संध्याकाळच्या गाडीला मी स्टेशनवर आहे, ती आली तर तिचं तिकीट आहे माझ्याकडं, नाही आली तर समजेन. आणि मी... मी तुम्हाला सांगितलं नाही. वीस वर्षांची होते. सासूबाई अंथरुणात, पोर अंगावर, नवरा परदेशात. तुम्ही गेलात तर मी काय करू, एवढंच डोक्यात होतं. मग सोमवार झाला, आणि मग सांगायची हिंमत झाली नाही. सकाळी आईनं तुमच्या हातातली वळी घेतली तेव्हा मी पातेल्यात बघत होते, कारण तुमच्याकडं बघायचं तोंड मला चोवीस वर्षांपासून नाही."

मारिसाच्या हातातला झग्याचा कागद चुरगळला. फिलोमेना दारापासून परत आली आणि खुर्चीवर बसली.

"चोवीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "न सांगता गेला म्हणून. उगाच बिचाऱ्याला..."

"मारा मला, ताई."

"मारून काय होतंय?" तिच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं, पण आवाजात अजून तोच विस्तव होता. "मी गेले असते असं वाटतं तुला? आईला, या पोरीला तापात टाकून? नसते गेले, ग्रात्सिया. स्टेशनवर जाऊन त्याला माझ्या तोंडानं नाही म्हटलं असतं आणि परत आले असते. पण ते 'नाही' माझं असतं गं! चोवीस वर्षं मला वाटलं, आपल्याला टाकलं. मी सोडलं असं म्हणायला मिळालं असतं ना, तर मान ताठ ठेवून जगले असते. तू माझा रोक्को नाही घेतलास. माझा नकार घेतलास."

ग्रात्सिया मटकन खाली बसली आणि चादरीत तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागली. कोसिमो बाटली पोटाशी धरून भिंतीला टेकला होता. त्याला पहिल्यांदाच, वरातीमागून घोडं यावं तसं, कळत होतं की त्याच्या सगळ्या सुखाखाली बारा चादरी अंथरलेल्या होत्या. "ताई," तो कसंबसं म्हणाला, "माझ्यामुळं..."

मारिसाने झगा सहा बायांपैकी एकीच्या मांडीवर ठेवला. ती फिलोमेनापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिचे पिठाळलेले हात तिने आपल्या गालांवर धरले.

"पहिली गाठ आत्याची," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नाहीतर ताराल्ल्या नकोत. लग्न कोरडं लागू दे."

आता सगळ्यांच्या नजरा सावेरियाकडे गेल्या. तिने जे ऐकलं होतं ते ऐकून एखादी सासू उठून गेली असती. सावेरियाने बाह्या वर केल्या, फडकं पाण्यात भिजवलं, पिळलं, आणि टेबलाशी येऊन पाटावरची पिठी खसाखसा पुसून काढली.

"चादरी कुणाच्या ते मला विचारायचं नव्हतं," ती म्हणाली. "सून कुणाच्या हाताखाली वाढली ते कळलं, बरं झालं. पीठ कुठंय?"

फिलोमेनाने डोळे पुसले आणि एप्रन बांधला. पण भावाच्या बाटलीकडे बोट दाखवून तिने बजावलं, "ती फडताळात ठेव. ताराल्ल्या होतील, पोरीच्या आहेत. वाइन आज उघडायची नाही. काहीही मिटलेलं नाही."

सात वाजेपर्यंत नवी कणीक मळून झाली. पाटावर पिठीचा कण नव्हता. फिलोमेनाने वळी दोन बोटांभोवती फिरवली, टोकावरून टोक घेतलं आणि अंगठ्याने दाबलं. ती ताराल्ली पाण्यात तळाला गेली, आणि वर आली ती गाठ घट्ट धरूनच! सहा बायांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला, मग जिभाही सुटल्या, आणि आपण पिठीबद्दल सांगणारच होतो असं त्यांतल्या चौघींनी सांगितलं. दोन्ना पेप्पिना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मुकाट्याने बडीशेप निवडत होती. तिच्याशी कुणी बोललं नाही, आणि तिला कुणी उठही म्हटलं नाही. ताराल्ल्या निथळायला अंथरायला ग्रात्सियाने दुसरी चादर आणली तेव्हा फिलोमेनाने ती बाजूला सारली आणि तीच, रडून चुरगळलेली, झटकून पलंगावर पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा भट्टीतून पहिली परात निघाली, बदामी, खमंग, बडीशेपेच्या वासाची. सावेरियाची टोपली भरली. पहिल्या गाठीची ताराल्ली या घरच्या रीतीप्रमाणे कापडात गुंडाळून मारिसाच्या रुखवताच्या पेटीत गेली, लग्नाला वर्ष होईपर्यंत ती तिथेच राहायची.

सगळे इकडेतिकडे झाले. अंगणातल्या दगडी बाकावर ग्रात्सिया एकटीच बसली होती, सुजलेल्या डोळ्यांनी, रिकाम्या हातांनी. फिलोमेना एप्रनच्या खिशात हात घालून तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"काल मी दुसरी गाठ बांधली ती कुणासाठी होती, बघितलंस?"

ग्रात्सियाने नकारार्थी मान हलवली.

"तुझ्या लग्नाला मी भट्टी पेटवली नव्हती," फिलोमेना म्हणाली. "माझ्याच लग्नाचं पीठ कोठीत पडलं होतं, पोतंभर. आई म्हणाली होती, चार तरी कर, पोरीची पेटी रिकामी नको. चादरी मी तिच्या सांगण्यावरून दिल्या. ताराल्ल्या मात्र नाही केल्या. तेवढी एक गोष्ट मी माझ्या रागानं ठेवून घेतली. सगळ्या गावाला वाटतं मी सगळं दिलं. नव्हतं दिलं."

तिने खिशातून ताराल्ली काढली आणि ग्रात्सियाच्या तळहातावर ठेवली. "ही ती दुसरी. तुझी. पेटीत ठेवायचं वय गेलं आता. खा."

ग्रात्सियाने ती मोडली, अर्धी नणंदेपुढे धरली. फिलोमेनाने घेतली. दोघी शेजारी शेजारी बसून चावू लागल्या, आणि ताराल्ली मुळातच कोरडी, ग्रात्सियाला घास काही केल्या खाली उतरेना.

फिलोमेनाने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उठली, आत गेली, फडताळ उघडलं, आणि कोसिमोची ती बाटली आणि दोन पेले घेऊन अंगणात आली.